लाख, रिंग आणि टायर: एका जोडाची कुळकथा

रोड सायकलीसाठी ट्यूब्युलर घ्यावा की क्लिंचर, हा प्रश्न खारघरमध्ये सहसा वजन, किंमत आणि पंक्चर या तीन मुद्द्यांवर लढवला जातो. वास्तविक या दोन प्रकारांतला मूळ भेद रबरात किंवा दोऱ्यात नसून टायर रिंगेवर कशाने धरून ठेवला जातो यात आहे. क्लिंचरला त्याच्या कडेतली तार धरते, ट्यूब्युलरला गोंद धरतो. या गोंदाचा माग काढत गेल्यास वाट बेलफास्ट आणि शिकागोवरून निघून गोंदिया-भंडाऱ्याच्या पळसबनात शिरते, आणि टायरनिवडीच्या वादात हा दुवा बहुधा नजरेआड राहतो.

हवा भरलेल्या टायरचे टप्पे सर्वश्रुत आहेत: १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन यांचे पेटंट, ते विस्मृतीत गेल्यावर १८८८ साली बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी नव्याने लावलेला शोध, आणि थॉमसन यांचे पेटंट आधीचे ठरल्याने १८९० साली डनलॉप यांचे रद्द होणे. त्याच १८९० साली दोन पेटंटे महिन्याभराच्या अंतराने निघाली आणि गोंधळाचे बीज तेथेच पडले. चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी टायरच्या कडेत न ताणणारी तार घातली आणि रिंगेच्या मध्यभागी खोलगट पन्हळ ठेवली. एका बाजूची कड पन्हळीत ढकलली की समोरची बाजू रिंगेवरून निघते, आणि खारघरचा पंक्चरवाला आजही टायर चढवताना जी युक्ती वापरतो ती हीच. विल्यम अर्स्किन बार्टलेट यांच्या टायरला मात्र तार नव्हती. त्याच्या कडेला रबराची जाड गोट होती, आणि हवेच्या दाबाने ती गोट रिंगेच्या आत वळलेल्या ओठात अडकून बसे. एडिंबरोच्या नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनीने हा टायर ‘क्लिंचर’ या नावाने विकला. म्हणजे आज क्लिंचर म्हणून जो विकला जातो तो रचनेने वेल्च यांचा आणि नावाने बार्टलेट यांचा आहे. डनलॉप कंपनीने पुढे दोन्ही पेटंटे विकत घेतल्याने हे घर एकच झाले, एवढेच.

ट्यूब्युलरचे कूळ ठरवणे याहून अवघड आहे. ट्यूब्युलर म्हणजे सुती किंवा रेशमी दोऱ्यांचे आवरण ट्यूबभोवती गुंडाळून, खालच्या बाजूने शिवून बंद केलेली नळी. शिवणीवर एक कापडी पट्टी असते आणि ती पट्टी रिंगेला चिकटवतात. त्यामुळे पंक्चर काढायचे तर पट्टी सोलायची, टाके उसवायचे, ट्यूबला ठिगळ लावायचे आणि पुन्हा सुई-दोरा घेऊन बसायचे. एका मतानुसार हा प्रकार शिकागोच्या मॉर्गन अँड राइट कंपनीच्या टायरपासून आला, कारण आवरण स्वतःपुरते बंद करून रिंगेला चिकटवण्याची पद्धत तेथे स्पष्ट दिसते. दुसरे मत असे मांडता येते, आणि तेच अधिक सबळ आहे, की खरा पूर्वज डनलॉप यांचा पहिलाच टायर होय: त्यात कापड आऱ्यांमधून रिंगेभोवती गुंडाळून रबराच्या सोल्युशनने चिकटवलेले असे, आणि पंक्चर काढायचे झाल्यास ते सगळे सोडवावे लागे. शिवण शिकागोची असेल, परंतु टायर रिंगेला चिकटवूनच धरायचा हा आग्रह बेलफास्टचा आहे. शर्यतपटूंनी तो पुढे शतकभर सोडला नाही, ही मात्र नवलाची गोष्ट आहे, कारण १८९१ सालच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत शार्ल तेरों यांनी मिशलिनच्या काढता-घालता येणाऱ्या टायरवर विजय मिळवून चिकटवण्याची गरज नसल्याचे दाखवून दिले होते.

आता गोंदाकडे वळावे लागते, कारण गोंद एक नसून दोन आहेत. रस्त्यावरच्या शर्यतीसाठी वापरला जाणारा गोंद कधीच पुरता वाळत नाही. तो चिकट राहतो म्हणूनच वाटेत पंक्चर झाल्यास जुना टायर उपटून, आधीच गोंद लावलेला दुसरा टायर दाबून बसवता येतो आणि पुढे जाता येते. या सोयीची किंमत असते. चाक फिरताना मऊ गोंदावर टायर प्रत्येक फेऱ्यात किंचित सरकतो आणि त्या सरकण्यात सायकलस्वाराची शक्ती खर्च होते. ‘द बायसिकल व्हील’ या ग्रंथाचे कर्ते, अभियंता जॉब्स्ट ब्रांट यांनी हा मुद्दा आग्रहाने मांडला होता. बरेच वापरलेल्या ट्यूब्युलरची पट्टी उचलून पाहिल्यास अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगेवर करडी-काळी भुकटी आढळते; ती या सरकण्याने झालेली धातूची झीज असते. ज्यांनी ट्यूब्युलर वेगवान असतो असे ऐकून पैसे मोजले, त्यांना ही भुकटी दाखवण्यासारखी आहे.

बंदिस्त धावपट्टीवरच्या, म्हणजे व्हेलोड्रोमवरच्या शर्यतीत मात्र मेकॅनिक दुसरा गोंद वापरीत, आणि तो होता शेलॅक, अर्थात आपल्या सुतारांचा चपडा. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे हात रिंगेवर एकावर एक चढवायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, आणि शेवटच्या ओल्या हातावर टायर बसवून हवा भरून ठेवायची. वाळल्यावर हा थर काचेसारखा कठीण होतो, टायर सरकत नाही, आणि म्हणून शक्तीही वाया जात नाही.

चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. लाखेचा किडा पळस, बोर आणि कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर वस्ती करतो, रस शोषतो आणि अंगातून राळ स्रवून त्या फांदीवर जाड कवच बांधतो. पळस-बोरीवरच्या जातीला रंगीनी आणि कुसुमावरच्या जातीला कुसुमी म्हणतात. फांदीवरून खरवडलेली लाख फोडून, धुऊन, तिच्यातला तांबडा रंग काढून दाणा करतात. जुन्या पद्धतीत हा दाणा कापडाच्या लांबलचक पिशवीत भरून पिशवी भट्टीच्या धगीसमोर धरीत. एक कारागीर ती पिळत जाई, वितळलेली लाख कापडातून पाझरे, आणि दुसरा कारागीर तो गरम लगदा हातापायांच्या बोटांत आणि दातांत धरून चहूकडे ताणीत कागदासारखा पातळ पत्रा करी. पत्रा थंड होऊन फोडला की चपडा तयार. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या, फेल्टच्या टोप्या आणि फर्निचरचे पॉलिश, सर्वांना हाच माल लागे, आणि तो मुख्यत्वे भारतातून जाई.

‘लाख’ या शब्दाची व्युत्पत्ती विवाद्य आहे. एका समजुतीप्रमाणे लक्षावधी किडे मिळून थोडीशी राळ देतात म्हणून ती लाक्षा. ऐकायला हे गोड आहे, आणि म्हणूनच संशयास्पद. दुसरे मत तांबड्या रंगाच्या वाचक धातूकडे बोट दाखवते, आणि लाखेचा जुना उपयोग अळत्यासारख्या रंगासाठी होता हे पाहता तेच ग्राह्य वाटते. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात लाक्षेला उद्देशून सूक्त आहे आणि तेथे ती जखम भरून काढणारी वनस्पती म्हणून येते; टायर जोडण्याच्या कामी ती आली यात म्हणूनच फारसे अनौचित्य नाही. गोंदियाच्या नावाबाबतही असाच वाद आहे: गोंड लोकांवरून ते आले की त्यांनी रानातून विकायला आणलेल्या गोंदावरून. स्थानिक परंपरा गोंदासोबत लाखेचेही नाव घेते. गोंदिया हे बंगाल-नागपूर रेल्वेवरचे जंक्शन होते आणि चपड्याची निर्यात कलकत्त्याहून चाले. तेव्हा युरोपातल्या चाकांवरच्या लाखेत छोटा नागपूरच्या मालाबरोबर पूर्व विदर्भातल्या पळसाचाही वाटा असणार, हे अनुमान धाडसाचे म्हणता येणार नाही.

लाख चाकापर्यंत पोचली कशी, याचे उत्तर लाकडात शोधावे. शर्यतीच्या चाकांच्या रिंगा दीर्घकाळ लाकडी होत्या आणि लाकडाला पाण्यापासून वाचवण्यासाठी चपड्याचा हात देणे हे सुतारकामातले नित्याचे काम. पॉलिश केलेल्या रिंगेवर टायरची कापडी पट्टी टेकली आणि ओल्या थरात घट्ट बसली, यापलीकडे वेगळा शोध लागण्याची गरज नव्हती. फेल्टच्या टोप्या कडक करणाऱ्यांकडून ही युक्ती आली असाही पर्याय मांडता येईल, कारण तेथेही लाख कापडी धाग्यांत मुरवली जाते. परंतु टोपीवाला आणि चाकवाला एका छपराखाली बसत नसत, सुतार आणि चाकवाला बसत. धातूच्या रिंगा आल्यावर ही जोडी फुटली. मावीक कंपनीच्या सांगण्यानुसार १९३४ च्या टूर दि फ्रान्समध्ये अँतोनँ मान्य यांनी दुरालुमिनच्या रिंगा लाकडासारख्या रंगवून वापरल्या. धातू ब्रेकची उष्णता थेट गोंदापर्यंत नेतो, लाकूड नेत नाही. त्यामुळे लांब उतारावर गोंद मऊ पडून टायर निसटण्याचे भय घाटात कायमचे येऊन बसले. २००३ च्या टूरमध्ये होसेबा बेलोकी यांच्या अपघातात टायर रिंगेवरून निसटला होता. ट्रॅकच्या सायकलीला ब्रेकच नसतात आणि तेथे वाटेत टायर बदलावा लागत नाही, म्हणून लाख तेथेच टिकली. महाराष्ट्रात अशी चाके शोभतील ती पुण्याच्या बालेवाडी क्रीडानगरीतल्या व्हेलोड्रोमवर.

खारघरची परिस्थिती याच्या नेमकी उलट आहे. चाफेवाडी-फणसवाडीकडे चढणाऱ्या डोंगररस्त्याचा उतार रिम-ब्रेक तापवतो, पावसाळ्यात ओल्या काचा रबरात सहज रुततात, आणि शीव-पनवेल महामार्गावरून कर्नाळ्याकडे निघालेल्याला वाटेत ट्यूब्युलर शिवून देणारा कोणी भेटत नाही. ट्यूब्युलरच्या बाजूने प्रामाणिकपणे दोन गोष्टी मान्य कराव्या लागतात: त्याच्या रिंगेला धारदार कडा नसल्याने खड्ड्यात ट्यूब चिमटली जाण्याचा धोका कमी, आणि नीट चिकटवलेला टायर हवा गेल्यावरही रिंगेवर राहतो. पण पहिला लाभ ट्यूबलेस टायर देतो, कारण त्यात चिमटायला ट्यूबच नसते. ट्यूबलेसमध्ये वेल्च यांच्याच कडेला आतून द्रव सीलंटची जोड मिळाली आहे, आणि बार्टलेट यांचा जो ओठ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अरुंद, जास्त दाबाच्या टायरांसाठी रिंगेवर परत आला होता तो काही नव्या रिंगांवरून पुन्हा गायब झाला आहे. अशा ओठविरहित रिंगेवर दाबाची मर्यादा ५ बार आहे आणि ती ओलांडू नये. ज्यांच्याकडे जुनी ट्यूब्युलरची चाके आहेतच त्यांनी ती एप्रिल-मेच्या उन्हात उतारावर नेण्याआधी अंगठ्याने टायर आडवा रेटून पाहावा, पट्टी रिंगेपासून सुटताना दिसली तर गोंद नव्याने लावावा, आणि चपड्याच्या वाटेला रस्त्यावरच्या चाकासाठी जाऊ नये.