मुरमांवर मेडिकलमधली क्रीम: चार दिवसांत चेहरा साफ, मग महिनोन्महिने त्रास का?

मेळघाटातल्या सेमाडोहच्या एखाद्या विशीतल्या मुलीला त्वचारोगतज्ज्ञ गाठायचा असेल, तर आधी घाट उतरून परतवाड्याला यावं लागतं. तिथून बहुतेकदा पुढे अमरावतीला. जाण्यायेण्यात दिवस जातो, मजुरी नाहीतर कॉलेज बुडतं. मुरमांसाठी एवढं कोण करणार? मग मैत्रिणीने सांगितलेली किंवा मेडिकलवाल्याने काढून दिलेली ट्यूब घरी येते. खरा घोटाळा इथेच होतो.

मुरूम का येतात?

आपल्या त्वचेत तेल तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. वयात येताना हार्मोन्समुळे त्या जास्त तेल सोडतात. त्यात मृत पेशी मिसळून छिद्र बुजतं. त्वचेवर एरवीही असणारे जिवाणू आत वाढतात आणि लाल, दुखरी पुटकुळी उठते.

हे फक्त शाळकरी वयातच होतं असं नाही. १२ ते २४ वर्षांच्या वयोगटात सुमारे ८५ टक्के जणांना कधी ना कधी मुरूम येतात. काहींना, विशेषतः मुलींना, ते पंचविशीनंतरही येत राहतात. 'चेहरा नीट धूत नाहीस' किंवा 'पोट साफ नाही' हे टोमणे चुकीचे आहेत. मुरूम घाणीमुळे येत नाहीत.

'चार दिवसांत फरक' देणाऱ्या क्रीममध्ये काय असतं?

अनेकदा स्टेरॉइड. ट्यूबवर बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं, तर ते स्टेरॉइड आहे हे ओळखा. 'गोरं करणाऱ्या' क्रीममध्ये मोमेटासोनसोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असतं.

स्टेरॉइड सूज दाबतं. म्हणून लाली लगेच उतरते, रंगही उजळल्यासारखा वाटतो. पण काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, उन्हात चेहरा भाजल्यासारखा होतो, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते आणि नवे मुरूम येतात. क्रीम बंद केली की चेहरा आणखी लाल होतो, म्हणून पुन्हा तीच लावली जाते. या चक्रात अडकलेले इतके रुग्ण भारतात दिसू लागले, की इथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी अशा बिघडलेल्या चेहऱ्याला वेगळं वैद्यकीय नावच दिलं.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइड्सना 'शेड्युल एच'खाली आणलं. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ती सर्रास मिळतात.

अशी क्रीम महिनोन्महिने लावत असाल तर घाबरू नका, पण ती कशी थांबवायची हे डॉक्टरांना विचारा. ट्यूब सोबत न्या, लपवू नका.

मग उपाय काय?

सौम्य ते मध्यम मुरमांसाठी डॉक्टर साधारणपणे ही औषधं देतात:

• बेंझॉइल पेरॉक्साइड: जिवाणू कमी करतं. २.५ टक्क्यांचंही पुरतं. कपड्यांचा, उशीच्या खोळीचा रंग उडतो, हे लक्षात ठेवा.
• अ‍ॅडापॅलीन: बुजलेली छिद्रं मोकळी करतं. रात्री, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढंच. फक्त मुरमावर ठिपका देऊन उपयोग नाही. गरोदरपणात वापरू नये.
• अँटिबायोटिक: गरज असेल तरच, ठरावीक काळासाठी. जुन्या चिठ्ठीवर परत घेऊ नका.

सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, थोडी चुरचुरते. अशा वेळी एक दिवसाआड लावा. फरक दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात, आणि औषध लागू पडतंय की नाही हे साधारण ३ महिन्यांनी कळतं. बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात आणि झटपट क्रीमकडे वळतात.

घरी काय सांभाळायचं?

• दिवसातून दोनदा सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने चेहरा धुवा. घासू नका.
• केसांचं तेल कपाळावर ओघळू देऊ नका.
• उन्हाळ्यात तोंडाला बांधायचा दुपट्टा रोज धुतलेला घ्या.
• लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट लावू नका. त्वचा भाजते, डाग राहतात.
• मुरूम फोडू नका. खड्डे पडण्याचा धोका वाढतो.
• गोड पदार्थ आणि साखरेची पेयं कमी केल्याने काहींना फरक पडतो. पण तेवढ्यावर मुरूम बरे होतीलच असं नाही.

डॉक्टरकडे कधी जायलाच हवं?

मोठ्या दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडायला लागले असतील, किंवा चेहऱ्यामुळे बाहेर जाणंच नकोसं झालं असेल, तर थांबू नका. मुलींमध्ये पाळी अनियमित आणि हनुवटीवर राठ केस असतील, तर पीसीओएसची तपासणी हवी. गंभीर मुरमांवरची आयसोट्रेटिनॉइन ही गोळी गुणकारी आहे, पण गरोदरपणात ती बाळाला गंभीर इजा करते. म्हणून ती फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

पहिल्याच फेरीला अमरावती गाठायची गरज नाही. सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून करा. केंद्र सरकारच्या 'ई-संजीवनी' सेवेतून आरोग्य केंद्रातूनच दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. त्याबद्दल तिथे विचारा.

आणि पुढच्या वेळी कुणी ट्यूब हातात दिली, तर लावण्याआधी ती उलटून मागची बारीक अक्षरं वाचा. वर दिलेल्या तीन स्टेरॉइड्सपैकी एखादं नाव दिसलं, तर ती परत करा.