नवी रॅम बसवल्यावर संगणक सुरू का होत नाही?

जादा रॅम बसवून बटण दाबले की कधी कधी पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. नवी रॅम खराब निघाली असे समजून ती परत केली जाते. प्रत्यक्षात अनेकदा ती चांगली असते. फक्त मदरबोर्डशी किंवा आधीच्या रॅमशी जुळत नसते.

सर्वप्रथम रॅमची पिढी पाहावी. डेस्कटॉपच्या डीडीआर३ रॅमला २४० पिना असतात, तर डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींना २८८. तरीही प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असल्याने एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. जोर लावल्यास स्लॉट तुटू शकतो. पिढी एकच असली तरी सर्व्हरमधून काढलेली स्वस्त 'रजिस्टर्ड' डीडीआर४ रॅम स्लॉटमध्ये बसते, पण घरगुती मदरबोर्डवर चालत नाही. वेगातला फरक मात्र सहसा अडचणीचा नसतो: २४०० आणि ३२०० वेगाच्या रॅम एकत्र लावल्यास दोन्ही साधारणपणे कमी वेगाने चालतात.

दोष शोधताना एका वेळी एकच बदल करावा. संगणक बंद करून वायर काढावी, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी आणि जुनी रॅम काढून फक्त नवी बसवावी. क्लिपचा 'टक्' आवाज आला पाहिजे. संगणक सुरू झाला, तर अडचण बहुधा दोन्हींच्या जोडीत आहे. नाही झाला, तर त्याच स्लॉटमध्ये जुनी रॅम लावून पाहावी. तीही चालली नाही, तर संशय स्लॉटवर जातो. जुनी चालली, तर नवी रॅम त्याच पिढीच्या दुसऱ्या संगणकात तपासावी. तिथे चालली तर ती खराब नाही, या मदरबोर्डशी जुळत नाही एवढेच. अशा वेळी बायोस अपडेट केल्याने काही वेळा प्रश्न सुटतो.

संगणक सुरू होऊन अधूनमधून बंद पडत असेल, तर धोका अधिक. सदोष रॅममुळे फोटो, हिशेब अशा फायली नकळत बिघडू शकतात आणि बॅकअपमध्येही बिघडलेलीच प्रत जाते. म्हणून बॅकअप रॅम बदलण्यापूर्वीच घ्यावा. नंतर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चालवावे; एकही चूक दिसली तर त्या रॅमवर काम करू नये.

खरेदीपूर्वी मदरबोर्डचे मॉडेल लिहून घ्यावे. चाललेल्या रॅमची यादी बहुतेक उत्पादकांच्या संकेतस्थळावर मिळते.