मुदत, रोखा आणि अंगठा : जुने कर्ज केव्हा संपते?

१/ गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. इंग्रजी अमदानीत धानाचा हा मुलूख मध्य प्रांतात होता. जुन्या कर्जातून सुटण्याची एक वेगळी वाट येथील कायद्याने दाखवली. तिचे महत्त्व कळण्यासाठी मात्र आधी पुणे जिल्ह्याकडे पाहावे लागते.

२/ १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. जुने कागद उकरून कुळाला छळले जाऊ नये, हा त्यामागील विचार. घडले उलटेच. मुदत सरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई. थकलेले व्याज मुद्दलात मिसळे, निरक्षर कुळाचा अंगठा उमटे आणि तीन वर्षे नव्याने सुरू होत.

३/ १२ मे १८७५ रोजी सुपे येथे लोक सावकारांवर चालून गेले. दख्खनच्या या दंग्यांत जमावाचा मुख्य रोख होता रोख्यांवर. ते हाती लागले की जाळले जात.

४/ १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने मुदत वाढवली : नोंदणीकृत रोख्यास बारा वर्षे, इतरांस सहा. शिवाय रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला.

५/ पुढे जागतिक मंदीत धान्याचे भाव कोसळले. १९३३ मध्ये मध्य प्रांताने कर्ज तडजोड कायदा केला. मंडळाने नोटीस काढल्यावर सावकाराने ठरल्या मुदतीत आपले येणे मांडायचे. जे मांडले नाही, ते फिटले असे समजायचे. येणे सिद्ध करण्याची घाई प्रथमच सावकाराला झाली.

६/ आज १९६३ चा मुदत कायदा लागू आहे. साध्या कर्जाच्या दाव्यास सामान्यतः तीनच वर्षे. मुदतीनंतरचा दावा न्यायालयाने फेटाळायचा असतो, ऋणकोने हरकत घेतली नसली तरी. पण मुदत संपण्यापूर्वी लेखी कबुली दिली, तर ती नव्याने मोजली जाते. मुदत संपल्यावरही सही करून फेडीचे लेखी वचन दिले, तर १८७२ चा करार कायदा ते ग्राह्य धरतो.

७/ म्हणून वसुलीदार दारी येऊन ‘फक्त एक सही’ मागतो, तेव्हा आधी कागदावरील तारीख वाचावी आणि मजकूर समजून घ्यावा. सुप्याच्या कुळांना तो वाचता येत नव्हता, आपल्याला येतो.