शेवटची जागा

प्रत्येक बास्केटबॉल संघात बाकावर एक शेवटची जागा असते. तिथला खेळाडू क्वचितच मैदानात उतरतो. म्हणूनच ती कुणाला नाकारली जाते, याकडे मी लक्ष देतो.

महमूद अब्दुल-रऊफ हे मूळचे ख्रिस जॅक्सन, मिसिसिपीतल्या गल्फपोर्टचे. १९९० मध्ये डेन्व्हर नगेट्सनं त्यांना तिसऱ्या क्रमांकावर निवडलं. १९९१ मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला, १९९३ मध्ये नाव बदललं. १९९५-९६ च्या हंगामात ते सामन्यामागे सरासरी १९.२ गुण मिळवत होते.

त्याच हंगामात, राष्ट्रगीताला उभं राहायला नकार दिला म्हणून, मार्च १९९६ मध्ये एनबीएनं त्यांना निलंबित केलं. एका सामन्यानंतर तोडगा निघाला: उभं राहायचं, पण मान खाली घालून दुआ मागायची. तरी त्याच उन्हाळ्यात डेन्व्हरनं त्यांना सॅक्रॅमेंटोला देऊन टाकलं.

१९९८ मध्ये, अवघ्या २९ व्या वर्षी, ते तुर्कस्तानात खेळायला गेले. २००० मध्ये व्हँकुव्हरनं बोलावलं. ४१ सामने, तेही थोड्या थोड्या मिनिटांचे. त्यानंतर एनबीएचं दार बंदच राहिलं.

सॅक्रॅमेंटोत त्यांचा खेळ घसरला होता, हे खरं. पण बाकावरच्या शेवटच्या माणसाकडून १९ गुणांची अपेक्षा कुणीच करत नाही. त्याच्याकडून एवढंच हवं असतं, की त्यानं डोकेदुखी होऊ नये.

निष्ठेचा पुरावा मागणारे आपल्यालाही नवे नाहीत. अब्दुल-रऊफ यांनी तो नमाजीच्या अदबीनं दिला. तरी तो पुरेसा ठरला नाही.