वाघूरचा धबधबा आणि जालन्याची वाट

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात झांबेझी ही महानदी एका अरुंद दरीत एकाएकी कोसळते. तिची धार मैलाहून अधिक रुंद आणि सुमारे साडेतीनशे फूट उंच आहे. पाण्याचा तुषार मेघासारखा वर चढतो आणि कोसांवरून दिसतो. तेथील लोक या धबधब्याला 'मोसी-ओआ-तुन्या', म्हणजे गर्जणारा धूर, असे म्हणत आले आहेत. इ. स. १८५५ च्या नोव्हेंबरात डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा स्कॉटिश धर्मोपदेशक त्याच लोकांच्या होडीत बसून, त्यांनीच दाखविलेल्या मार्गाने, धबधब्याच्या काठावरील एका बेटावर उतरला. त्याने धबधब्याला आपल्या राणीचे नाव दिले आणि बेटावरील एका झाडावर स्वतःच्या नावाची आद्याक्षरे कोरली. एवढा एकच बालिश मोह आपण आयुष्यात केला, अशी कबुली पुढे त्याने स्वतःच लिहून ठेविली आहे. पन्नास वर्षांच्या आतच तेथे हॉटेल उभे राहिले, १९०५ मध्ये दरीवरून आगगाडीचा पूल गेला आणि जगभरचे हौशी प्रवासी व शिकारी तेथे येऊ लागले.

ही हकीकत ऐकली म्हणजे मला आपल्याच मुलखातील एका दरीची आठवण होते. तेथेही धबधबा आहे, तेथेही वाघ होते, तेथेही एक परकी पाहुणा आला आणि आपले नाव कोरून गेला. ही दरी म्हणजे अजिंठ्याची. झांबेझीच्या मानाने आपली वाघूर नदी अगदी लहान. परंतु पावसाळ्यात ती सात टप्प्यांनी, सात कुंडे भरीत, लेण्यांच्या दरीत उतरते, तेव्हा घोड्याच्या नालाप्रमाणे वळलेला तो सारा कडा तिच्या आवाजाने भरून जातो. नदीच्या नावातच वाघ आहे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

अजिंठ्याची कथा सांगताना बहुतेक लोक औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, आरंभ करतात. मी आज जालन्याकडून आरंभ करणार आहे. १९८१ मध्ये स्वतंत्र झालेल्या जालना जिल्ह्यात केळणा नदीच्या काठी भोकरदन हे गाव आहे. प्राचीन काळी याचे नाव भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी ही एक नांदती व्यापारी पेठ होती. येथील उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा जो अवशेष मिळाला, त्याचे साम्य इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी आहे. सांची व भारहूत येथील स्तूपांना भोगवर्धनच्या लोकांनी दाने दिल्याचे शिलालेखही आहेत. अर्थात, दख्खनच्या पठारावरून घाट उतरून उत्तरेकडे जाणाऱ्या वाटा या भागातील माणसांच्या पायांखालच्या होत्या. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी याच काळातील. ती कोणा संन्याशाने एकांतात खोदली नाहीत. व्यापाऱ्यांच्या आणि गृहस्थांच्या दानांवर ती उभी राहिली.

याच जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात, असई गाव आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्याशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. जय इंग्रजांचा झाला, पण त्यांचे अकराशेंहून अधिक लोक जखमी झाले. त्यांना ठेवण्यासाठी वेलस्लीने दौलताबादचा किल्ला मागितला, तेव्हा किल्लेदाराने नकार दिला. अखेर या जखमींसाठी अजिंठा गावात इस्पितळ उघडावे लागले. वेदनांनी तळमळणारे ते शिपाई जेथे पडले होते, तेथून करुणेची ती अपूर्व चित्रे अवघ्या तीन-चार कोसांवर अंधारात होती. इतिहासात असे योग येतात. त्यांतून काही सिद्ध होत नाही, पण मन थबकते.

पुढे निजामाच्या राज्यात इंग्रजी फौजेचा एक मोठा तळ जालन्यास पडला. १८१७ च्या युद्धात जनरल डव्हटनची फौज येथूनच नागपूरकडे धावली. लढाई संपली की छावणीतील तरुण अधिकाऱ्यांना उद्योग उरत नसे, आणि अजिंठ्याच्या डोंगरात वाघ विपुल होते. ज्याला आपण आज पर्यटन म्हणतो, त्याचा या मुलखातील पहिला अवतार हा असा बंदूक खांद्यावर घेऊन आला.

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या अठ्ठाविसाव्या घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी या दरीत आला. वाघाचा माग काढताना पलीकडच्या कड्यावरून त्याला झाडीतून एक कोरीव कमान दिसली, अशी कथा सांगतात. दिवस ऐन उन्हाळ्याचे. स्मिथ दहाव्या लेण्यात शिरला आणि एका स्तंभावरील रंगीत चित्रावर त्याने आपले नाव व तारीख ओरखडली. ती अक्षरे आजही तेथे आहेत. त्या वेळी लेण्यात दगडमातीचा ढीग साचला होता. त्यावर उभे राहून कोरल्यामुळे ती आता माणसाच्या डोक्यापेक्षा बऱ्याच उंचीवर दिसतात.

याला 'अजिंठ्याचा शोध' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. पण शोध कोणी कोणाचा लावला? ज्या गुराख्यांच्या व भिल्लांच्या पायवाटांनी साहेब दरीत उतरले, त्यांना ही लेणी ठाऊक होतीच. झांबेझीवरील लोकांना गर्जणारा धूर ठाऊक नव्हता, असे कोण म्हणेल? स्मिथने लेणी जगाच्या नकाशावर आणली, एवढे श्रेय त्याला अवश्य द्यावे; त्याहून अधिक देण्याचे कारण नाही.

पाच वर्षांनी, १८२४ मध्ये, लेफ्टनंट अलेक्झांडर हा दुसरा अधिकारी येथे आला. त्याने लिहिलेल्या वृत्तांतातील एक तपशील मला फार बोलका वाटतो. लेण्यांच्या जमिनीवर त्याला वाघ, अस्वल, कोल्हे, माकडे आणि मोर यांच्या पावलांचे ठसे दिसले. हे ठसे धुळीत उमटले होते, आणि ती धूळ छतावरून गळून पडलेल्या चित्रांच्या गिलाव्याची होती! दीड हजार वर्षांपूर्वीच्या कुंचल्याचे रंग चूर्ण होऊन खाली पडावेत आणि त्यावरून वाघाने चालत जावे, याहून विषण्ण चित्र कोणते असेल? तरी वाघाचा दोष नव्हता. त्याने भिंतीला नख लावले नाही.

नख लावले ते माणसांनी. १८२८ च्या सुमारास आलेल्या एका विद्वान पाहुण्याने सतराव्या लेण्याच्या ओसरीतील चक्रामधून चार आकृती सोलून काढल्या. त्याला त्या जपून न्यावयाच्या होत्या. हातात आला तो चुरा. अज्ञानाने जे नासते त्यापेक्षा अनुरागाने नासलेले अधिक जिव्हारी लागते.

मग आला कॅप्टन रॉबर्ट गिल. जेम्स फर्ग्युसनने १८४३ मध्ये लेण्यांविषयी निबंध वाचला, त्याचा परिणाम म्हणून कंपनी सरकारने १८४४ मध्ये चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी गिलची नेमणूक केली. तो अजिंठा गावातच राहिला. हा चित्रकार नामांकित शिकारीही होता. त्याने दीडशे वाघ मारले, असे सांगतात. सकाळी बंदूक आणि दुपारी कुंचला, असे त्याचे आयुष्य याच डोंगरात सरले. पारो नावाच्या येथील स्त्रीवर त्याचे प्रेम जडले. १८५६ मध्ये ती वारली. तिची कबर आणि तीवरील गिलचा लेख अजिंठा गावात आहे. मराठी मनाने ही कथा आपली मानली आणि ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' या काव्यात तिला अमर केले. गिलच्या श्रमांना मात्र यश लाभले नाही. त्याची बहुतेक मोठी चित्रे लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली असता १८६६ च्या आगीत जळून गेली.

त्याच्यानंतर मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून कित्येक हंगाम येथे राबले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतलेच. त्यांच्याही अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनच्या आगीत नष्ट झाल्या. दोनदा चित्रे समुद्रापार गेली आणि दोनदा अग्नीने ती गिळली. मूळ चित्रे मात्र वाघ-वटवाघळांच्या सोबतीने येथेच टिकून राहिली, यातील धडा सांगावयास नको.

पुढे निजाम सरकारने पुराणवस्तू खाते स्थापिले आणि गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली लेण्यांची राखण पद्धतशीर सुरू झाली. १९२० ते १९२२ मध्ये इटलीहून तज्ज्ञ आणून सुटू पाहणारा गिलावा भिंतीस पक्का केला. त्यामुळे पुष्कळ चित्रे वाचली. परंतु त्या वेळी दिलेले लाखेचे थर पुढे पिवळट पडले आणि ते काढण्यात नंतरच्या पिढ्यांची वर्षे गेली. रक्षणाचेही प्रायश्चित्त असते, ते असे.

१९८३ मध्ये अजिंठ्याची गणना जागतिक वारशात झाली. झांबेझीच्या धबधब्याची १९८९ मध्ये झाली. आता दोन्ही स्थळांपुढे प्रश्न एकच आहे: पाहणाऱ्यांच्या गर्दीपासून पाहण्याजोगे कसे वाचवावे? अजिंठ्यास खाजगी मोटारी फर्दापूरच्या फाट्यावर थांबवितात. तेथून सरकारी बसने शेवटचे चार किलोमीटर जावे लागते. चित्रांवर छायाचित्राचा झगझगाट पाडण्यास मनाई आहे. पुष्कळांना ही बंधने जाचक वाटतात. पण लेण्याच्या आत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या श्वासातून ओलावा भिंतीवर जातो, हे समजल्यावर जाच कोणाचा कोणाला, याचा विचार करावासा वाटतो.

आणि वाघ? या डोंगरांतून तो केव्हाच नाहीसा झाला होता. १९८६ मध्ये पश्चिमेकडील रांगांत गौताळा-औट्रमघाट अभयारण्य झाले, तेथे बिबट्या राहिला, वाघ नव्हता. परंतु २०२१ च्या मार्च महिन्यात विदर्भातील टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला एक तरुण वाघ शेकडो मैल शेते, नाले आणि हमरस्ते ओलांडीत गौताळ्यात येऊन पोहोचला. वनखात्याच्या कॅमेऱ्यांत त्याची छबी उमटली. त्याची वार्ता ऐकून यावेळी कोणी बंदूक उचलली नाही, ही दोनशे वर्षांतील प्रगती मी लहान मानीत नाही.

श्रोतेहो, आपणांपैकी अनेकजण पावसाळ्यात वाघूरचा धबधबा पाहावयास जातील. जालन्याहून जाणार असाल तर भोकरदनची वाट धरा. दोन हजार वर्षांपूर्वीचे दाते त्याच मुलखातून गेले होते. दहाव्या लेण्यात गेल्यावर मान वर करून स्मिथचे नाव अवश्य पाहा. त्याच लेण्याच्या दर्शनी भागावर दुसरेही एक नाव ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे: वासिष्ठीपुत्र कटहादी. हा लेणे घडविण्यास दान देणारा. दोघेही आपले नाव मागे ठेवून गेले. एकाने दिले म्हणून ते राहिले, दुसऱ्याने ओरखडले म्हणून. आपण तेथून परतताना मागे काहीच न ठेवता आलो, तरी पुष्कळ झाले.