पटलप्रथिनांच्या आंतरक्रिया : जिवंत पेशीतील शोधपद्धती

पेशीपटलात रुतलेली दोन प्रथिने एकमेकांना बिलगतात की नाही, हे पेशी न फोडता तपासण्याच्या या पद्धती. पेशी फोडून तपासायचे तर मेदाच्या पटलातून प्रथिने सोडवायला डिटर्जंट लागतो. त्यात सैल जोड्या सुटतात आणि एरवी कधी न भेटणारी प्रथिनेही एकत्र अडकू शकतात. स्टॅन्ले फील्ड्स व ओक-क्यू साँग यांची 1989 मधील यीस्ट द्विसंकर पद्धत जिवंत पेशीतलीच. पण तिच्यात प्रथिनांची गाठ केंद्रकात पडावी लागते आणि पटलप्रथिन आपली जागा सोडून तिथे पोहोचत नाही. पुढे आलेल्या पद्धतींनी ही अडचण दूर केली. मात्र त्या मोजतात ते सान्निध्य. बंध हा त्यावरून काढलेला निष्कर्ष असतो. तो किती भरवशाचा, हे नियंत्रक चाचण्यांवरच ठरते.

विभाजित युबिक्विटिन पद्धतीत हे स्पष्ट दिसते. निल्स यॉन्सन व अलेक्झांडर वार्शाव्स्की यांनी 1994 मध्ये 76 अमिनो आम्लांच्या युबिक्विटिन या प्रथिनाचे दोन तुकडे केले. हे तुकडे आपसूकच जुळतात. म्हणून पहिल्या तुकड्यातील तेराव्या जागी आयसोल्युसीनऐवजी ग्लायसीन बसवतात. मग तुकडे वाहणारी प्रथिने जवळ आली तरच युबिक्विटिन पूर्ण होते. इगोर स्टॅग्ल्यार व सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दुसऱ्या तुकड्याला जनुक चालू करणारा घटक जोडून ही युक्ती पटलप्रथिनांसाठी वापरली. पेशीतील विकरे जुळलेले युबिक्विटिन ओळखून तो घटक कापून मोकळा करतात आणि तो केंद्रकात जातो. हिस्टिडीन बनवणारे जनुक त्याने चालू होईल अशी रचना असली, तर हिस्टिडीन नसलेल्या माध्यमावरही यीस्टची वसाहत धरते. पण नुसती वसाहत म्हणजे पुरावा नव्हे. ग्लायसीन न बसवलेला तुकडा लावल्यावर वाढ व्हायलाच हवी. न झाल्यास प्रथिन बनलेले नाही किंवा तुकडा पेशीद्रवाच्या बाजूला नाही, अशी शंका घ्यावी. उलट, त्याच पटलातील असंबंधित प्रथिनाला ग्लायसीनवाला तुकडा लावल्यास वाढ होता कामा नये. दोहोंत ही दुसरी चाचणी अधिक मोलाची, आणि तिच्यासाठीच्याच प्रथिनाची निवड बहुधा घाईने केली जाते.

यावर आक्षेप असा, की फ्रेट व ब्रेट या ऊर्जाहस्तांतराच्या पद्धतींना एवढी काळजी लागू नये. त्या साधारण 10 नॅनोमीटरच्या आतलेच अंतर टिपतात. हा भरवसा टिकत नाही. पटल द्विमितीय असते, आणि प्रथिन गरजेपेक्षा जास्त बनले की नुसत्या गर्दीतही तेवढी जवळीक होते. बीटा-2 ॲड्रेनर्जिक ग्राही जोडीने असतात, असे 2000 मध्ये ब्रेटने दाखवले गेले. 2006 मध्ये दुसऱ्या गटाने ब्रेटचाच आधार घेऊन ते एकेकटे असल्याचे मांडले आणि वाद पेटला. म्हणून एका वाचनावर न थांबता ऊर्जा देणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण स्थिर ठेवून ती घेणाऱ्याचे प्रमाण वाढवत नेतात. खऱ्या जोडीत आलेख लवकर सपाट होतो; योगायोगाच्या भेटीत तो जवळपास सरळ चढत राहतो.

मग शुद्ध प्रथिनांची स्फटिकरचनाच प्रमाण का मानू नये? कारण ती जोडी कशी बसू शकते ते सांगते. पेशीतल्या मेदात, पेशीतल्या प्रमाणात ती जुळते का, हे सांगत नाही. दोन्हींचा मेळ घालणारी चाचणी अशी : रचनेवरून स्पर्शाच्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदलायचे, आणि प्रथिनाचे प्रमाण व पटलातील जागा तशीच राहून संकेत तेवढा मावळतो का, ते पाहायचे.