जॅक आणि टेकू

बैलगाडीच्या चाकाला वंगण घालायचे असले, की चौघे मिळून गाडीची एक बाजू उचलीत आणि पाचवा कण्याखाली ओंडका सारी. उचलण्याचे काम माणसांचे, भार पेलण्याचे काम ओंडक्याचे. हा भेद इतका उघड होता, की तो कोणाला शिकवावा लागत नसे. मोटारीबरोबर जॅक आला आणि भेद पुसट झाला. कारण जॅक गाडी उचलतो आणि ती धरूनही ठेवतो, असे निदान दिसते तरी. या दिसण्यावर विसंबून गाडीखाली शिरलेल्या माणसांचे प्राण गेले आहेत. जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीच्या बाबतीत तर जॅक कोठे लावावा, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या गाडीच्या बांधणीच्या इतिहासातच शोधावे लागते.

मोटार ही संस्थानिकांची चीज होती, तोवर मालकाला गाडीखाली शिरण्याचा प्रसंगच नव्हता. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या ड्यूसेनबर्गचा सांगाडा अमेरिकेचा आणि वरची बांधणी लंडनच्या गर्नी नटिंग यांची. अशा गाडीची निगा मोटारखान्यातील माणसांनी राखावी, हीच रीत. रविवारी सकाळी घरच्या अंगणात स्वतःच्या हाताने गाडी उचलणारा मालक मोठ्या संख्येने दिसू लागला तो इंग्लंडात, आणि त्याला घडविण्यात ॲबिंग्डनच्या एम.जी. कारखान्याचा वाटा मोठा आहे.

१९४५ ते १९४९ या काळात तेथे टी.सी. ही गाडी सुमारे दहा हजारांच्या संख्येने तयार झाली. दोन लांब पोलादी तुळयांचा सांगाडा, त्यावर ॲश लाकडाच्या चौकटीला ठोकलेला पत्रा, पुढेमागे सरळ आडवे ॲक्सल आणि पाटे. रचनेच्या दृष्टीने ही बैलगाडीची दूरची बहीणच. ॲक्सलखाली जॅक लावला, की काम भागे. पत्रा गंजला तरी भार पेलणारा सांगाडा शाबूत राही. याच कारखान्याच्या १९४७ मधील ‘वाय’ या चारदारी गाडीत तर ‘जॅकऑल’ नावाची योजना होती. तेलाच्या दाबावर चालणारे चार जॅक चार कोपऱ्यांत कायमचे बसविलेले असत. पंप हलविला, की गाडी आपल्याच पायांवर उभी राही. कल्पना मोठी गोड, परंतु पुढे ती टिकली नाही.

खरे स्थित्यंतर १९५८ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीने आणि १९६२ मध्ये एम.जी.बी.ने घडविले. या गाड्यांत निराळा सांगाडाच उरला नाही. पत्रे वळवून, जोडून जी पेटी तयार होते, तीच सांगाडा. एम.जी.बी.च्या उघड्या गाडीला छप्पराचा आधार नाही. त्यामुळे पुढची आणि मागची चाके यांच्यामधील भार मुख्यतः दाराखालच्या पोकळ पोलादी उंबरठ्यांवर येतो. या उंबरठ्यालाच सिल म्हणतात. गाडीबरोबर मिळणाऱ्या जॅकचा हात खुपसण्याची जागाही कारखान्याने तेथेच ठेवली होती. तेथे जॅक लावून फिरविला, की गाडीची संपूर्ण बाजू वर येई. नव्या गाडीत ही सोय उत्तमच होती. पण पोकळ पेटीत पाणी शिरते आणि साचते, इंग्लंडातील रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, आणि गंज आतून बाहेर येतो. वरून रंग झकपक असलेल्या गाडीचा उंबरठा आतून पोखरलेला असू शकतो. आपल्या कोकण-गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत याहून निराळे काही घडत नाही. अशा ठिकाणी जॅक फिरविला, की गाडी उचलली जाण्याऐवजी जॅकच पत्र्यात घुसतो. जाणते खरेदीदार एक परीक्षा घेतात: गाडी जॅकवर चढवायची आणि दाराच्या कडेची फट पाहायची. फट आवळली किंवा दार अडकू लागले, तर उंबरठ्याने राम म्हटला असे समजावे.

त्याच १९६२ मध्ये आलेल्या लोटस एलानची गोष्ट निराळीच. तिचा पोलादी कणा मधोमध, आणि वरचे अंग फायबरग्लासचे. तेथे जॅक कण्याऐवजी अंगाला टेकला, तर फायबरग्लासला तडा जातो.

आता जॅकविषयी. जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये द्रवदाबाच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि रिचर्ड डजन यांनी १८५१ मध्ये अमेरिकेत वाहून नेता येणाऱ्या हायड्रॉलिक जॅकचे. लहान दट्ट्या पुष्कळ हलवावा आणि मोठा दट्ट्या थोडा वर यावा, एवढेच त्यातले तत्त्व. ब्रामांच्या यंत्रात गळती थांबविणारी चामड्याची वाटी हेन्री मॉडस्ले यांनी सुचविली, असे सांगतात. त्या वाटीची जागा पुढे रबरी सीलने घेतली; तरी गाडीखाली पाठ टेकून पडलेल्या माणसाचा जीव त्या बोटभर रबरावर आणि तेल सोडणाऱ्या एका लहानशा झडपेवर असतो, हे बदललेले नाही. झडपेत कचऱ्याचा कण अडकला, तरी गाडी खाली येते.

म्हणून टेकू हवा. त्याला आज जॅक स्टँड म्हणतात. एम.जी.बी.चा पुढचा भाग सस्पेन्शनच्या जाड आडव्या तुळईखाली जॅक लावून उचलावा, मागचा ॲक्सलखाली. मग स्टँड पक्क्या पोलादाखालीच बसवून गाडी त्यांवर उतरवावी आणि अंग खाली घालण्यापूर्वी तिला हाताने चांगली हलवून पाहावी. विटांचे थर रचण्याची आपल्याकडील सवय मात्र सोडलीच पाहिजे. पोलादाची अरुंद कड टेकली, की वीट क्षणात फुटते, आणि फुटण्यापूर्वी ती कुरकुरतही नाही.

चाकांचेही भान हवे. हँडब्रेक मागच्या चाकांनाच लागतो. ती दोन्ही उचलली, तर गाडीला अडविणारे काही उरत नाही. गिअरमध्ये ठेवलेली गाडीही एक मागचे चाक उचलताच सुटू शकते, कारण डिफरन्शियल सगळे फिरणे त्या मोकळ्या चाकाकडे जाऊ देते. जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे हवेतच. तारांच्या चाकांचे मधले नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. त्यांचे आटे दोन बाजूंना एकमेकांच्या उलट असतात, हे हातोडा मारण्यापूर्वी आठवावे. ट्रॉली जॅकचा हात वर जाताना कमानीत फिरतो, त्यामुळे त्याची चाके सरकली पाहिजेत. जुन्या वाड्यातील शहाबादी फरशीच्या फटीत ती अडकली, की जॅक गाडीला ओढू लागतो किंवा खालून निसटतो.

एम.जी.बी.चे उत्पादन ऑक्टोबर १९८० मध्ये थांबले. पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या होत्या, आणि १९८८ पासून तिच्या नव्या पत्र्याच्या पेट्या पुन्हा तयार होऊ लागल्या. मूळचा जॅक अजूनही हौशी मालक मागच्या डिकीत जपून ठेवतात, रंगवतात, प्रदर्शनात मांडतात. गाडी उचलायला मात्र दुसराच काढतात.